ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंगला स्वयंचलित साहाय्य : तत्त्व, प्रणाली आणि मलकापूर परिसरातील ऊसवाहतूक

सारांश

ट्रेलर जोडलेले वाहन पुढे नेणे सोपे, परंतु मागे घेणे अवघड असते. हा केवळ चालकाच्या कौशल्याचा प्रश्न नसून या अडचणीचे मूळ भूमितीत आहे. मागे जाताना वाहन व ट्रेलर यांच्यातील कोन आपोआप वाढत जातो व वेळीच आवर न घातल्यास दोहोंची घडी पडते. हा कोन सतत मोजून स्टिअरिंग आपणहून फिरविणाऱ्या प्रणाली २०१४ नंतर परदेशी मोटारींत व पिकअप वाहनांत उपलब्ध झाल्या. प्रस्तुत लेखात या प्रणालींमागील तत्त्व गणिताची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकालाही समजेल अशा रीतीने मांडले आहे. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर परिसरातील ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या ऊसवाहतुकीला हे तंत्रज्ञान कितपत लागू पडते, याचा विचार केला आहे. एका दुचाकी ट्रॉलीसाठी असे साहाय्य शक्य व उपयुक्त आहे. चारचाकी ट्रॉली व दुहेरी ट्रॉली यांच्या बाबतीत मात्र प्रश्नाचे स्वरूपच बदलते. शिवाय स्टिअरिंगचे साहाय्य ट्रॉलीमागे उभ्या असलेल्या माणसाचे रक्षण करीत नाही, असा निष्कर्ष या विवेचनातून निघतो.

बीजशब्द : ट्रॅक्टर-ट्रॉली, जोडकोन, मर्यादाकोन, घडी पडणे, प्रत्याभरण, ऊसवाहतूक.

१. प्रस्तावना

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे नगरपरिषदेचे छोटे गाव कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर वसले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग २०४ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६६ चा भाग आहे. गावाच्या पश्चिमेस आंबा घाट व सह्याद्रीची मुख्य रांग आहे, तर पूर्वेस कडवी, वारणा व कासारी या नद्यांची खोरी पसरली आहेत. पश्चिमेकडील अतिपावसाच्या पट्ट्यात भात हे मुख्य पीक आहे. खोऱ्यांतील बागायती जमिनीत मात्र ऊस आहे. गळीत हंगाम सुरू झाला की या भागातील ऊस बांबवडे, वारणानगर व त्यापलीकडील कारखान्यांकडे वाहू लागतो. ट्रक आणि बैलगाडी यांचा या वाहतुकीत वाटा असला, तरी तिचा मुख्य भार ट्रॅक्टर-ट्रॉलीवर असतो.

तोडलेला ऊस फार काळ राहू शकत नाही. तोडणीनंतर जसजसा वेळ जातो तसतसे उसाचे वजन व त्यातील साखरेचे प्रमाण घटते. त्यामुळे फडापासून गव्हाणीपर्यंतच्या प्रवासातील प्रत्येक खोळंब्याची किंमत शेतकरी, वाहतूकदार व कारखाना अशा तिघांनाही मोजावी लागते. या प्रवासाचा बहुतांश भाग पुढे जाण्याचा असतो. तथापि सर्वांत अवघड असे काही मीटर मागे जाण्याचे असतात. अरुंद पाणंदीतून रिकामी ट्रॉली फडात लावणे, बांधाच्या कडेने ती उसाच्या ढिगाजवळ नेणे, समोरून आलेल्या वाहनाला वाट देण्यासाठी मागे सरणे, सुटी केलेली ट्रॉली पुन्हा जोडण्यासाठी ट्रॅक्टर नेमका दांडीपर्यंत आणणे, ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

अशा वेळी ट्रॅक्टरच्या मागे कोणीतरी उभे राहून हाताने वा आवाजाने खुणा करीत असते. हे काम करणारा कधी क्लीनर असतो, कधी ऊसतोड टोळीतील एखादा माणूस. टोळीतील स्त्रिया व मुले त्याच फडात वावरत असतात. म्हणून ट्रॉली मागे घेण्याचा प्रश्न सोयीबरोबरच जीविताचाही आहे. या प्रश्नाला तंत्रज्ञानाने दिलेले उत्तर कोणते, ते कसे काम करते आणि येथील परिस्थितीत ते कितपत पुरे पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. मागे घेणे अवघड का ?

ट्रेलर जोडलेल्या वाहनात दोन शरीरे एका खिळीने जोडलेली असतात. त्यांच्या मध्यरेषांमध्ये पडणाऱ्या कोनास येथे ‘जोडकोन’ म्हटले आहे. दोन्ही शरीरे एका रेषेत असताना जोडकोन शून्य असतो.

वाहन पुढे जात असताना ट्रॉली ओढली जाते. जोडकोन काही कारणाने पाच अंशांचा झाला, तरी ट्रॅक्टर सरळ जात राहिल्यास ट्रॉली हळूहळू त्याच्या मागे येते व कोन आपोआप कमी होतो. दोरीने ओढलेले लाकूड जसे दोरीच्या दिशेला येते, तसेच हे आहे. मागे जाताना ट्रॉली ढकलली जाते आणि परिस्थिती नेमकी उलटते. कोनातील छोटीशी चूक कमी न होता वाढते. तळहातावर उभी धरलेली काठी जरा कलली की अधिकच कलते, त्याप्रमाणे ही अवस्था अस्थिर असते. काठी उभी ठेवण्यासाठी हात सतत हलवावा लागतो, तसेच ट्रॉली सरळ मागे नेण्यासाठी स्टिअरिंग सतत दुरुस्त करावे लागते.

या वाढीचा नियम साधा आहे. स्टिअरिंग सरळ ठेवून मागे गेल्यास जोडकोन लहान असेपर्यंत ठरावीक अंतरागणिक दुप्पट होतो. हे अंतर ट्रॉलीच्या लांबीच्या सुमारे ०.६९ पट असते. लांबी म्हणजे येथे जोडखिळीपासून ट्रॉलीच्या आसापर्यंतचे अंतर. उदाहरणादाखल ही लांबी ३ मीटर धरली, तर दर २.१ मीटरला कोन दुप्पट होतो. आरंभी ५ अंशांचा असलेला कोन सुमारे २ मीटर मागे गेल्यावर १० अंश, ४ मीटरनंतर जवळजवळ २० अंश आणि ६ मीटरनंतर ३८ अंशांच्या आसपास पोहोचतो. ८.३ मीटरवर तो ७० अंश होतो. म्हणजे ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या एकत्रित लांबीइतके अंतर कापण्याआधीच दोघे एकमेकांवर मिटू लागतात.

या नियमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की अस्थिरता अंतरावर अवलंबून असते, वेगावर नाही. सावकाश गेल्याने कोन वाढायचा थांबत नाही. चालकाला विचार करण्यास अधिक वेळ मिळतो, इतकेच. ताशी ३ किलोमीटर वेगाने २.१ मीटर अंतर अडीच सेकंदांत कापले जाते आणि निम्म्या वेगाने पाच सेकंदांत. अनुभवी चालक मागे घेताना वेग अगदी कमी ठेवतात, त्यामागील कारण हेच आहे. दुसरी गोष्ट अशी की ट्रॉली जितकी आखूड, तितकी ती अधिक चंचल. लांब ट्रेलर मागे घेणे नवशिक्याला भीतिदायक वाटते. प्रत्यक्षात आखूड ट्रेलरच अधिक वेगाने फिरतो.

३. मर्यादाकोन आणि घडी पडणे

जोडकोन वाढल्यावर चालक स्टिअरिंग फिरवून तो कमी करू शकतो, परंतु हे एका मर्यादेपर्यंतच शक्य असते. स्टिअरिंग पूर्ण फिरविल्यावर ट्रॅक्टर ज्या वर्तुळावर फिरतो, त्याची त्रिज्या ठरलेली असते. ट्रॉली ज्या गतीने वळत आहे त्याहून अधिक गतीने ट्रॅक्टर वळू शकला, तरच कोन कमी होतो. ज्या कोनाला या दोन गती समान होतात, तो ‘मर्यादाकोन’ होय. तो ओलांडल्यावर स्टिअरिंग कितीही फिरविले तरी मागे जाताना कोन वाढतच जातो. मग एकच उपाय उरतो : थांबणे, पुढे जाऊन वाहन सरळ करणे व पुन्हा आरंभ करणे.

जोडखीळ मागील आसाच्या नेमकी वर आहे असे क्षणभर मानले, तर मर्यादाकोनाची ज्या ही ट्रॉलीची लांबी भागिले ट्रॅक्टरची किमान वळणत्रिज्या इतकी असते. ट्रॅक्टरच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २ मीटर आणि पुढच्या चाकांचे कमाल वळण ३० अंश धरल्यास मागील आसाच्या मध्याची वळणत्रिज्या ३.४६ मीटर येते. ३ मीटर लांबीच्या ट्रॉलीसाठी मर्यादाकोन ६० अंश होतो. ट्रॉली २ मीटरची असेल, तर तो ३५ अंशांवर येतो. ट्रॉलीची लांबी वळणत्रिज्येहून अधिक असेल, तर भूमितीच्या दृष्टीने अशी मर्यादा उरत नाही. मग दांडी चाकाला घासणे किंवा ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरला लागणे हीच प्रत्यक्ष मर्यादा ठरते.

वास्तवात ट्रॅक्टरची जोडखीळ मागील आसाच्या काहीशी मागे असते. हे अंतर ०.७ मीटर धरले, तर वरील ३ मीटरच्या ट्रॉलीचा मर्यादाकोन सुमारे ७० अंशांपर्यंत वाढतो. खीळ मागे असल्याने स्टिअरिंगचा परिणामही ट्रॉलीवर अधिक तीव्रतेने होतो. ही सोय आहे, तसाच धोकाही आहे. दुरुस्ती लवकर होते आणि जास्तीची दुरुस्तीही तितक्याच लवकर होते.

चालकाच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. ट्रॉलीचा मागचा भाग डावीकडे न्यावयाचा असेल, तर स्टिअरिंग प्रथम उजवीकडे फिरवावे लागते. त्यामुळे ट्रॅक्टरची मागील बाजू उजवीकडे सरकते, दांडी उजवीकडे ढकलली जाते आणि ट्रॉलीचा मागचा भाग डावीकडे वळतो. अपेक्षित कोन मिळताच स्टिअरिंग उलट, म्हणजे डावीकडे घ्यावे लागते, अन्यथा कोन वाढत जाऊन घडी पडते. म्हणजे एका वळणासाठी परस्परविरुद्ध दोन कृती योग्य क्षणी कराव्या लागतात, आणि तेही मान मागे वळवून. हे कौशल्य सरावाने अंगवळणी पडते, परंतु तोंडी सांगून शिकविता येत नाही.

४. संशोधनाचा प्रवास

हा प्रश्न नियंत्रणशास्त्राच्या अभ्यासकांना दीर्घकाळ आकर्षित करीत आला आहे. चाक बाजूला सरकू शकत नाही, ते केवळ ज्या दिशेला वळले आहे त्याच दिशेने जाऊ शकते. या साध्या बंधनामुळे वाहनाची गती गणिताच्या दृष्टीने विशेष ठरते. बाजूला सरकता येत नसतानाही पुढे-मागे करीत वाहन हव्या त्या जागी आणता येते. फ्रान्समधील झां-पॉल लॉमाँ यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी अनेक ट्रेलरांची माळ जोडलेल्या वाहनालाही हे तत्त्व लागू असल्याचे दाखविले. तत्त्वतः कितीही ट्रेलर असले तरी वाहन हव्या त्या स्थितीत आणणे शक्य आहे, हा त्याचा अर्थ. तथापि ‘शक्य’ आणि ‘सोपे’ यांत मोठे अंतर आहे.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेरिक न्युएन व बर्नार्ड विड्रो यांनी संगणकीय चेताजालाला ट्रेलर-ट्रक मागे घेण्यास शिकविले. संगणकाच्या पडद्यावरील आभासी ट्रक असंख्य वेळा चुकत चुकत अखेरीस माल उतरविण्याच्या धक्क्याला नेमका लागू लागला. त्यानंतर बार्ट कॉस्को व सहकाऱ्यांनी हाच प्रश्न फझी तर्काने सोडविला. ‘कोन थोडा उजवीकडे असेल, तर स्टिअरिंग थोडे डावीकडे’ अशा चालकाच्या भाषेतील नियमांवर त्यांचा नियंत्रक आधारला होता. पुढे हा प्रश्न नव्या नियंत्रण पद्धती तपासण्याची जणू कसोटीच बनला. स्वीडनमध्ये क्लाउदिओ आल्ताफिनी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन सांध्यांच्या वाहनासाठी अशी योजना मांडली की कोन मर्यादेजवळ जाताच नियंत्रक वाहन पुढे नेऊन सरळ करतो व मगच पुन्हा मागे घेतो. अनुभवी चालक नेमके हेच करतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

५. बाजारात आलेल्या प्रणाली

प्रयोगशाळेतील हे ज्ञान प्रत्यक्ष वाहनांत येण्यास दोन गोष्टी आवश्यक होत्या : विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आणि स्वस्त कॅमेरा. या दोन्ही २०१० नंतर सर्वसामान्य झाल्या. फोक्सवॅगनने २०१४ मध्ये पसाट या मोटारीत ‘ट्रेलर असिस्ट’ ही सुविधा दिली. त्यात चालक आरसे जुळविण्याच्या छोट्या दांडीनेच ट्रेलरची दिशा सांगतो. फोर्डने २०१५ मध्ये आपल्या एफ-१५० या पिकअपच्या २०१६ च्या आवृत्तीसाठी ‘प्रो ट्रेलर बॅकअप असिस्ट’ सादर केले. त्यात डॅशबोर्डवर फिरविण्याची गोल कळ असते. ट्रेलरच्या दांडीवर चौकटींच्या नक्षीची एक पट्टी चिकटवितात आणि मागील कॅमेरा त्या पट्टीकडे पाहून जोडकोन मोजतो.

या प्रणालींचे काम चार टप्प्यांत समजून घेता येते.

पहिला टप्पा मोजणीचा. जोडकोन किती आहे, हे संवेदक सेकंदाला अनेक वेळा कळवितो. ट्रेलरची लांबी, आस व खीळ यांतील अंतर ही मापे आधी भरलेली असतात, किंवा प्रणाली ती पुढे जाताना स्वतः अजमावते.

दुसरा टप्पा इच्छेचा. चालक कळ डावीकडे फिरवितो, याचा अर्थ ‘ट्रेलर डावीकडे न्यावयाचा आहे’ एवढाच असतो. उलट दिशेचा हिशेब त्याला करावा लागत नाही. कळ जितकी फिरेल, तितके वळण तीव्र. कळ मधोमध सोडली, तर ट्रेलर सरळ मागे जातो.

तिसरा टप्पा तुलनेचा. हवे असलेले वळण घेण्यासाठी किती जोडकोन लागेल, हे नियंत्रक काढतो व प्रत्यक्ष कोनाशी ताडून पाहतो. दोहोंतील फरकाच्या प्रमाणात तो पुढच्या चाकांचे वळण ठरवितो. परिणाम पाहून कृती सुधारण्याच्या या पद्धतीस प्रत्याभरण म्हणतात. मुळात अस्थिर असलेली अवस्था प्रत्याभरणाने स्थिर करता येते, हेच या तंत्रज्ञानाचे मर्म आहे.

चौथा टप्पा मर्यादेचा. मर्यादाकोन ओलांडला जाईल असे वळण चालकाने मागितले, तरी प्रणाली ते देत नाही. वेग अधिक झाला किंवा कोन आवाक्याबाहेर गेला, तर ती चालकाला थांबण्याची सूचना देते.

गती व ब्रेक यांची जबाबदारी चालकाकडेच राहते. म्हणून या प्रणालीला स्वयंचलित वाहन म्हणणे योग्य नाही. ती केवळ स्टिअरिंग सांभाळणारी साहाय्यक आहे. मागे काय आहे हे पाहणे, थांबणे व निर्णय घेणे ही कामे माणसाचीच राहतात.

६. ट्रॅक्टर-ट्रॉलीला लागू करताना

वरील प्रणाली प्रामुख्याने बोट, घोडे किंवा राहण्याची गाडी ओढणाऱ्या मोटारी व पिकअपसाठी तयार झाल्या. भारतात मोटारीला ट्रेलर जोडण्याची प्रथा मर्यादित आहे. येथे ट्रेलर म्हणजे मुख्यतः ट्रॅक्टरची ट्रॉली. त्यामुळे तंत्रज्ञान येथे आणावयाचे, तर ट्रॅक्टरच्या परिस्थितीत त्याचा पुनर्विचार करावा लागतो.

(अ) ट्रॉलीचा प्रकार. दुचाकी ट्रॉलीत एकच आस असतो व सांधा एकच असतो. वरील सर्व विवेचन तिला जसेच्या तसे लागू पडते. चारचाकी ट्रॉलीचे तसे नाही. तिचा पुढचा आस फिरत्या चकतीवर बसविलेला असतो व दांडी त्या आसाला जोडलेली असते. म्हणजे ट्रॅक्टर व दांडी हा एक सांधा आणि चकती हा दुसरा. बाहेरून एक दिसणारी ट्रॉली गणिताच्या दृष्टीने दोन ट्रेलर ठरते. त्यातही दांडीचा पहिला दुवा आखूड असतो. त्याची लांबी दीड मीटर धरली, तर त्याचा कोन जवळजवळ दर मीटरला दुप्पट होतो. स्टिअरिंगचा परिणाम मागच्या सांध्यावर थेट होत नाही. आधी पुढचा सांधा योग्य बाजूला मोडावा लागतो, मग मागचा हलतो.

(आ) दुहेरी ट्रॉली. कोल्हापूर परिसरातील ऊसवाहतुकीत एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडण्याची पद्धत रूढ आहे. चारचाकी ट्रॉल्या असतील, तर सांध्यांची संख्या चारवर जाते. पुढे जाताना ही माळ निमूटपणे मागे येते. मागे जाताना प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे अस्थिर असतो आणि या सर्वांना आवर घालण्यासाठी हातात केवळ एकच स्टिअरिंग असते. म्हणूनच चालक दुहेरी ट्रॉली शक्यतो मागे घेत नाहीत. ते मोठा वळसा घेतात किंवा मागची ट्रॉली सोडून एकेक हलवितात. ही सवय गणिताच्या निष्कर्षाशी पूर्णतः जुळणारी आहे. स्वीडनमधील लिंकशॉपिंग विद्यापीठात दोन सांध्यांच्या ट्रक-ट्रेलरसाठी मागे जाण्याचे नियंत्रक यशस्वीपणे तपासले गेले आहेत. परंतु त्यासाठी नेमके संवेदक, आखलेला मार्ग व चांगली जमीन लागते. फडातील चार सांध्यांसाठी तसे साहाय्य आज व्यवहार्य नाही.

(इ) जमीन व भार. वरील भूमितीत चाक बाजूला घसरत नाही असे गृहीत धरले आहे. ओल्या फडात किंवा पाचटावर हे गृहीतक डळमळते. भरलेल्या ट्रॉलीच्या दांडीचा भार मागे पडल्याने ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. मग ती वळली तरी ट्रॅक्टर तितका वळत नाही. मलकापूरच्या पश्चिमेकडील उताराच्या जमिनीत आणखी एक गोष्ट भर घालते. अनेक ट्रॉलींना स्वतंत्र ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच ओढू वा ढकलू लागते. अशा वेळी स्टिअरिंगची अचूकता दुय्यम ठरते व ब्रेकचा प्रश्न आधी उभा राहतो.

(ई) ट्रॅक्टरचे स्वतःचे वैशिष्ट्य. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागील चाकांसाठी वेगवेगळे ब्रेक असतात. शेतात अरुंद वळण घेताना चालक एकच ब्रेक दाबून ट्रॅक्टर जागच्या जागी वळवितो. मोटारीसाठी रचलेल्या नियंत्रकाला ही युक्ती माहीत नसते. चालकाने मध्येच एक ब्रेक दाबला, तर वळणत्रिज्या एकदम बदलते व नियंत्रकाचा हिशेब चुकतो. याउलट रचनाकाराने या दोन ब्रेकांचाही विचार केला, तर मर्यादाकोन वाढविण्याचे एक साधन हाती येते.

(उ) संवेदक. चौकटींची पट्टी वाचणारा कॅमेरा स्वच्छ रस्त्यावर उत्तम चालतो. धूळ, चिखल व लोंबणारे वाढे यांत तो टिकणे कठीण आहे. त्यापेक्षा जोडखिळीवर बसविलेला साधा कोनमापक अधिक भरवशाचा ठरेल. स्टिअरिंग फिरविण्याचे साधनही अप्राप्य नाही. उपग्रहाधारित मार्गदर्शनाने शेतात सरळ रेषेत ट्रॅक्टर चालविण्यासाठी स्टिअरिंगच्या दांड्यावर विजेची मोटार बसविण्याची पद्धत जगभर रुळली आहे. तीच मोटार ट्रॉली मागे घेण्यासही वापरता येईल.

७. स्टिअरिंगपलीकडील धोका

येथवरच्या विवेचनात प्रश्न भूमितीचा होता. माणसाच्या दृष्टीने पाहता त्याला दुसरी बाजू आहे. घडी पडल्याने दांडी वाकते, टायर घासतो, वेळ जातो. हे नुकसान पैशात मोजता येते. ट्रॉलीमागे उभा असलेला माणूस दिसला नाही, तर होणारे नुकसान भरून येत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागचे चालकाला काहीच दिसत नाही. रात्रीच्या भरणीत तर हे अधिकच खरे आहे.

येथे एक सूक्ष्म धोका संभवतो. आज चालक मान वळवून, थांबत थांबत, मागच्या माणसाचा आवाज ऐकत ट्रॉली मागे घेतो. त्याची ही सावधगिरी काही अंशी अडचणीतूनच आलेली असते. यंत्राने अडचण दूर केली, तर सावधगिरीही कमी होण्याची शक्यता आहे. कोन अचूक ठेवणारी प्रणाली माणसावरही तितक्याच अचूकपणे जाऊ शकते. म्हणून स्टिअरिंगच्या साहाय्याआधी मागचे दिसण्याची व्यवस्था हवी. भारतात नव्या मोटारींना मागील अडथळा ओळखणारे संवेदक जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. ट्रॉलीच्या मागील फळीवर कॅमेरा किंवा असा संवेदक बसविणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. जग्वार लँड रोव्हरने २०१५ मध्ये ट्रेलरच्या मागील कॅमेऱ्याचे चित्र वाहनाच्या आरशात मिसळून ट्रेलर जणू पारदर्शक करून दाखविणारा प्रयोग सादर केला होता. तितके अद्ययावत काही नसले, तरी चालकासमोरचा एक साधा पडदा पुष्कळ काम करील.

ट्रॉली जोडतानाचा धोकाही लक्षात घ्यावयास हवा. ट्रॅक्टर मागे येत असताना एक जण दांडी उचलून धरतो व खीळ घालतो. त्या क्षणी तो दोन लोखंडी वस्तूंच्या मध्ये असतो. या कामासाठी दांडीला उभी ठेवणारा आधार व चालकाला जोडखीळ दाखविणारा कॅमेरा असेल, तर माणसाला मध्ये उभे राहण्याची गरजच उरणार नाही. खर्चाच्या तुलनेत सर्वाधिक लाभ बहुधा याच सुधारणेतून मिळेल.

८. टप्प्याटप्प्याने करावयाच्या सुधारणा

वरील विचारावरून या परिसरासाठी सुधारणांचा एक क्रम सुचविता येतो.

सर्वप्रथम, मागे घेण्याची गरजच कमी करणे. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत वाहने एका दिशेने पुढेच जातील अशी रचना असते, ती याच कारणाने. गावपातळीवर पाणंद रस्ते दुरुस्त करताना फडांच्या गटाजवळ वळसा घेण्यापुरती जागा राखली, तर अनेक ठिकाणी मागे घेण्याची वेळ येणार नाही.

दुसरे, चालकाला माहिती देणे. जोडखिळीवरील कोनमापक आणि त्याला जोडलेला दर्शक दिवा व भोंगा एवढ्यानेही घडी पडण्याआधी इशारा मिळू शकतो. स्टिअरिंगला हात न लावणारे हे साहाय्य स्वस्त आहे, आणि बिघडले तरी धोका निर्माण करीत नाही.

तिसरे, मागचे दिसण्याची व्यवस्था व जोडणी करताना माणूस मध्ये येऊ नये अशी रचना.

चौथ्या टप्प्यात एका दुचाकी ट्रॉलीसाठी स्टिअरिंगचे स्वयंचलित साहाय्य. यात प्रणाली केव्हाही एका कृतीने बंद करता येणे व चालकाने स्टिअरिंग धरताच तिने माघार घेणे अनिवार्य मानावे लागेल. चारचाकी ट्रॉलीचा विचार त्यानंतर. दुहेरी ट्रॉली मागे न घेण्याचा चालकांचा संकेत मात्र पाळणेच शहाणपणाचे ठरेल.

या कामात महाविद्यालयांना वाव आहे. कोल्हापूरची उद्यमनगरी व तेथील कारागिरांची परंपरा, वारणानगर व कोल्हापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि प्रत्यक्ष अनुभव असलेले चालक हे तिन्ही घटक एका जिल्ह्यात आहेत. कोनमापक व छोटी मोटार बसविलेली ट्रॅक्टर-ट्रॉलीची लहान प्रतिकृती पदवी स्तरावरील विद्यार्थी तयार करू शकतात. गणिताच्या वर्गात अवकल समीकरणाची घातीय वाढ शिकविताना, भौतिकशास्त्रात स्थिर व अस्थिर समतोल समजावताना आणि समाजशास्त्रात ऊसतोड कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करताना हे एकच उदाहरण तीन बाजूंनी उपयोगी पडेल.

९. निष्कर्ष

ट्रॉली मागे घेताना येणारी अडचण ही चालकाच्या अज्ञानाची खूण नसून ती ढकलल्या जाणाऱ्या शरीराची मूलभूत अस्थिरता आहे. जोडकोन ट्रॉलीच्या लांबीच्या सुमारे ०.६९ पट अंतरागणिक दुप्पट होतो आणि मर्यादाकोन ओलांडल्यावर पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसते. प्रत्याभरणावर आधारलेली स्टिअरिंग साहाय्यक प्रणाली ही अस्थिरता काबूत ठेवू शकते, हे २०१४ नंतरच्या वाहनांनी सिद्ध केले आहे.

मलकापूर परिसरातील ऊसवाहतुकीत तिचा उपयोग एका दुचाकी ट्रॉलीपुरता संभवतो. सांध्यांची संख्या वाढली की तिचा भरवसा झपाट्याने कमी होतो. ओली जमीन, उतार व ब्रेकविना ट्रॉली या परिस्थितीत ती अपुरी पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रॉलीमागचा माणूस तिला दिसत नाही. म्हणून या तंत्रज्ञानाचे येथील मोल ट्रॉली किती सरळ मागे गेली यावर ठरविता येणार नाही. ती मागे जाताना फडातील किती जण सुरक्षित राहिले, हाच त्याचा खरा निकष राहील.